एक तरी आत गेला

बँकेच्या दारावर कागद लागला त्या सकाळी मी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचेची कड घासत बसले होते. नंबर मोठा, काच जाड, आणि जाड काचेला घाई चालत नाही. नवरा बाहेरून धापा टाकत आला आणि म्हणाला, "मशीन बंद कर."

"दोन मिनिटं थांबा, कड उडेल."

"उडू दे. बँक बुडाली."

"कुठली?" असं मी विचारलं खरं, पण विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात बँक म्हणजे एकच, दादाची बँक. ती काही दादाच्या मालकीची नव्हती. माझा थोरला भाऊ तिथे तपासणी खात्यात तेवीस वर्षं नोकरीला होता, एवढंच. दिलेली कर्जं कागदोपत्री नीट आहेत का, हप्ते येतायत का, तारण म्हणून दाखवलेली गोष्ट खरोखर जागेवर आहे का, हे बघायचं आणि वर कळवायचं, हे त्याचं काम. पण लहानपणापासून त्याचं सगळंच मी आपलं मानत आले होते, तशी बँकही मानली.

पाच महिन्यांपूर्वी आमचं जुनं चष्म्याचं दुकान गेलं होतं. इमारत पाडायची म्हणून मालकाने सगळ्या भाडेकरूंना पैसे देऊन उठवलं. एकोणीस वर्षं ज्या काउंटरमागे उभे राहिलो त्याचे बरे पैसे आले. त्यात आमची शिल्लक घालून दवाखान्यासमोरचा गाळा घ्यायचा ठरला. कागद व्हायला सहा महिने लागणार होते. तोपर्यंत एका जिन्याखालची जागा भाड्याने घेऊन तिथे मशीन मांडलं. जागा इतकी अरुंद, की गिऱ्हाईक आरशात बघायला वळलं की त्याचं कोपर माझ्या पोटात.

ते पैसे सहा महिने कुठे ठेवायचे हा प्रश्नच नव्हता. दादाच्या घरी गेले होते तेव्हा सहज म्हटलं, "या आठवड्यात तुमच्याकडेच टाकतोय सगळे."

दादा बुटांना पॉलिश करत होता. त्याचा हात थांबला. "सगळे एकाच ठिकाणी कशाला ठेवतेस?"

"तुझी बँक असताना परक्याच्या दारात कशाला जाऊ?"

वहिनी आतल्या खोलीतून दारात आली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. दादाने दुसरा बूट हातात घेतला. विषय तिथेच संपला.

तर त्या सकाळी आम्ही बँकेपाशी पोचलो तेव्हा दीडेकशे माणसं तरी जमली होती. काचेच्या दारावर आतून कागद चिकटवलेला, चार ओळींचा. आतला रखवालदार आम्हा सगळ्यांना नावानिशी ओळखणारा, पण आता तो कुणाकडेच बघत नव्हता. समोर मास्तरीणबाई उभ्या होत्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या, जणू कुठेतरी चूक सापडेल आणि लाल शाईने दुरुस्त करता येईल.

तिसऱ्या दिवशी दादा आमच्याकडे आला. दाढी वाढलेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "मी तीनदा लिहिलं होतं."

मग त्याने सांगितलं. अध्यक्षांनी पाचसहा बिल्डरांना अर्धवट टॉवरांवर वारेमाप कर्ज दिलं होतं. टॉवर पुरे होईनात, फ्लॅट विकले जाईनात, व्याज येईना. मग ते व्याज भरायला त्याच माणसांना नवं कर्ज. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा, असं चार वर्षं चाललं होतं. दादाने स्वतः जाऊन बघितलं होतं. एका टॉवरच्या कागदावर बावीस मजले होते आणि जागेवर नऊ.

"मग वरून काय उत्तर आलं?" मी विचारलं.

"कागदावर 'पाहिले' असं लिहून, खाली सही करून कागद परत. तिन्ही वेळा."

"आमच्याकडे येणारेही असंच म्हणतात, सगळं दिसतंय म्हणून," नवरा म्हणाला. "खुर्चीत बसवलं की सगळ्यात मोठं अक्षरही वाचता येत नाही."

दादा हसला नाही. पण त्याही अवस्थेत माझा ऊर भरून आला. सगळी बँक झोपलेली असताना एक माणूस जागा होता, आणि तो माझा भाऊ होता. हे मी त्या आठवड्यात किती जणांना सांगितलं असेल याला गणती नाही.

ठेवींचा विमा होता, त्यातून प्रत्येकाला एक ठरावीक रक्कम मिळाली. आमच्या पैशांचा आठवा हिस्सा. गाळ्याचा विसार बुडाला आणि गाळा दुसऱ्याने घेतला. आम्ही जिन्याखालीच राहिलो.

सरकारने अध्यक्षांवर आणि चार संचालकांवर खटला भरला. मास्तरीणबाईंनी ठेवीदारांची समिती काढली आणि मी तिच्यात गेले. दर रविवारी शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसायचो. पैसे परत मिळणार नाहीत हे दुसऱ्याच बैठकीत कळून चुकलं होतं. मग बोलणं एकाच गोष्टीवर यायचं. कुणीतरी आत गेलं पाहिजे. बुडवलं ते बुडवलं, पण हा माणूस घरी जाऊन जेवता कामा नये.

सरकारी वकिलांना बँकेतला साक्षीदार हवा होता. दादाचं नाव मीच दिलं. मग त्याला सांगायला गेले.

"नको," तो म्हणाला.

"नको काय? तू तीनदा लिहिलंस."

"त्याने काही होणार नाही. त्यांनी पैसे खाल्ले नाहीत, छोटी. चोरी असती तर गोष्ट वेगळी. त्यांनी बेपर्वाईने कर्ज वाटलं. त्याला कलम नाही."

"लिफ्ट तपासायला येणारा माणूस तार न बघताच 'ठीक' लिहून गेला, आणि लिफ्ट खाली आली, तर त्याला आत टाकतात ना?"

"टाकतात. तिथे माणसं मरतात."

"आणि इथे काय झालं? समितीतला तो घड्याळजी माहितीये? बायकोचं डायलिसिस त्या व्याजावर चालायचं. गेली ती गेल्या महिन्यात."

मी रडले, ओरडले, आईची आठवण करून दिली. शेवटी म्हटलं, "तू मूग गिळून बसलास तर त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "माझं तोंड उघडलं तर..." एवढं म्हणून थांबला. मला पुढचं ऐकायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांच्या मागे लागू नका." तिच्यावरही मी चिडले. परक्या घरची, तिला काय, असं मनात आलं. शेवटी दादा म्हणाला, "ठीक आहे. देतो साक्ष."

कोर्टाची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत तपकिरी रंग, वर पांढरा. अध्यक्ष साध्या फिक्या शर्टात बसले होते, शेजारी औषधाच्या गोळ्यांची डबी. मी त्यांना पहिल्यांदाच जवळून बघत होते. एखाद्या नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात येऊन बसलेल्या माणसासारखे दिसत होते. त्यांच्या चष्म्याची डावी काडी सैल होती आणि ते तो सारखा वर ढकलत होते. इतकी वर्षं हेच काम केल्यावर हात शिवशिवतात, दुसरं काही नाही.

सरकारी वकिलांपुढे दादा उत्तम बोलला. तारखा, आकडे, नऊ मजले. तिन्ही अहवाल दाखवले, त्यांवरचं 'पाहिले'ही दाखवलं. मास्तरीणबाईंनी माझा हात दाबला. मग बचावाचे वकील उठले. उंच, सावकाश बोलणारा माणूस.

"आपण लिहिलंय, 'परतफेडीची शक्यता कमी'. 'बँक बुडेल' असं कुठे लिहिलंय का?"

"नाही."

"का नाही लिहिलं?"

"तशी खात्री देता येत नव्हती."

"तेवीस वर्षांच्या अनुभवी तपासनिसाला खात्री नव्हती. मग अध्यक्षांना कशी असणार?"

"त्यांनी बघायला हवं होतं. धोका समोर दिसत होता."

"आपल्याला दिसत होता?"

"हो."

"किती? म्हणजे, आपण स्वतः आपले पैसे काढण्याइतका?"

न्यायाधीशांनी मान वर केली. वकिलांनी फायलीतून एक कागद काढला, घाई न करता.

"तिसरा अहवाल आपण दिलात तीन तारखेला. चौदा तारखेला आपल्या आणि पत्नीच्या नावाची ठेव मुदतीआधी मोडली गेली. संपूर्ण. दंड भरून. ही सही आपलीच ना?"

"हो."

"त्यानंतर नवव्या दिवशी त्याच शाखेत एक मोठी ठेव जमा झाली. ती ठेवणारी बाई आपली सख्खी बहीण. आज इथेच बसली आहे, बरोबर?"

मला वाटलं, दादा नाही म्हणेल. का वाटलं कोण जाणे. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो."

मास्तरीणबाईंनी हात काढून घेतला. त्यांनी मुद्दाम काढला असेल असं नाही, पण काढला. मागून कुणीतरी म्हणालं, "कुंपणच शेत खातंय." नवऱ्याने दंड धरून मला बाहेर आणलं.

जिन्यात दादा भेटला. वहिनी त्याच्या मागे दोन पायऱ्या वर उभी होती.

"भीती वाटली," तो म्हणाला. "दुसरं काही कारण नाही. आयुष्यभराचं तेवढंच होतं."

"आणि माझं?"

"तुला म्हटलं होतं, सगळे एकाच ठिकाणी..."

"एवढंच? एवढंच म्हणायचं होतं तुला? माझा हात धरून घरी नाही बसवता आलं?"

"तू घरी बसली नसतीस. तू मास्तरीणबाईंना सांगितलं असतंस. त्यांनी सगळ्या शिक्षकांना. संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली असती, आणि मग बँक माझ्यामुळे बुडाली असती."

"ती तशीही बुडाली."

"हो," दादा म्हणाला. "तशीही बुडाली."

नवरा मध्ये पडला. "दादा, आता जा तुम्ही. आज नको." माझ्या नवऱ्याने आजवर त्याला कधी जा म्हटलं नव्हतं.

निकाल चार महिन्यांनी लागला. न्यायाधीशांनी पाऊण तास वाचलं. कर्जं बेपर्वाईने दिली, इशारे दुर्लक्षित केले, ठेवीदारांच्या कष्टाच्या पैशाची कदर ठेवली नाही. प्रत्येक वाक्याला आमच्या बाकावर माना डोलत होत्या. घड्याळजी तर पुढे सरकून कानाला हात लावून ऐकत होता. मग त्यांनी पान उलटलं. हे सगळं निंदनीय आहे, पण चुकीचा आणि उद्दाम निर्णय घेणं हा आज अस्तित्वात असलेल्या कायद्याने गुन्हा ठरत नाही, आणि फसवणुकीचा हेतू सिद्ध झालेला नाही. सबब पाचही आरोपी निर्दोष.

अध्यक्षांच्या बायकोने त्यांना गोळी दिली, पाणी दिलं. ते घरी गेले. जेवलेही असतील.

निकालपत्राच्या शेवटी एक परिच्छेद होता. साक्षीदाराने गोपनीय माहितीचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर केल्याचं त्याच्याच साक्षीतून दिसतं, पोलिसांनी योग्य ती कारवाई करावी. त्याला मात्र कलम होतं. व्यवस्थित, नंबर असलेलं.

महिन्याभरात तपास अधिकारी आमच्या जिन्याखाली येऊन गेले. उभं राहायला जागा नव्हती म्हणून मशीनवर कागद ठेवून जबाब लिहिला. माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, "भावाने तुम्हाला आधी काही सूचना दिली होती का?"

मी विचारलं, "दिली म्हटलं तर?"

"तर त्यांनी गुप्त माहिती बाहेर फोडली."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर फक्त स्वतःसाठी वापरली." तो जरा ओशाळला. "बाई, मी नुसतं लिहून घेतो."

मी खरं तेच सांगितलं. एक वाक्य बोलला होता, आणि मला ते कळलं नव्हतं. त्याने ते लिहून घेतलं आणि मी सही केली. त्या रविवारी मी समितीच्या बैठकीला गेले नाही, नंतरही कधी गेले नाही.

दादाचा खटला दोन तारखांत आटोपला. शाबित करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तारीख होती, सही होती, पावती होती, स्वतःची साक्ष होती. दीड वर्षाची सजा झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं वहिनीचा भाऊ कोर्टाबाहेर म्हणाला. दादा संन्यासी नव्हता, तिथेच तर सगळं अडत होतं. तो निर्दोष असता तर मी छाती पिटून रडले असते, दारोदार अर्ज घेऊन फिरले असते. त्याने केलं ते केलंच होतं. आणि शिक्षा झाली पाहिजे असं सगळ्यात मोठ्याने ओरडणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'बुडालेल्या बँकेचा अधिकारी तुरुंगात'. फोटोत दादाने चेहऱ्यासमोर फाईल धरली होती. दुपारी एक गृहस्थ चष्मा करायला आले. मी त्यांच्या कानामागे काडी बसवून बघत होते, तेव्हा आरशात बघतच ते म्हणाले, "बरं झालं बुवा. एवढे सगळे सुटले, पण एक तरी आत गेला."

"जरा मान सरळ ठेवा," मी म्हटलं.

"माझेही होते ना त्यात थोडे. तुमचे?"

"होते."

"मग तुम्हालाही बरं वाटलं असेल."

मी काडी काढली, गरम करून थोडी वाकवली आणि पुन्हा बसवली. "आता टोचतं का?"

"नाही. आता छान बसला."

वहिनीने वकिलाची फी द्यायला त्यांची ती वाचवलेली ठेव घातली, आणि उरलेल्यात घर चालवलं. शेवटी तीही संपली. मी एकदा तिच्याकडे गेले, भाजी घेऊन. दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "ते पैसे मी काढायला लावले होते. रोज मागे लागले होते. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते." मी म्हटलं, "सही त्याची होती." ती म्हणाली, "हो, सही त्यांची होती." मग ती पिशवी रिकामी करून आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी पिशवी तशीच सोडून निघाले.

तुरुंगात मी चार वेळा गेले. मध्ये जाळी असते आणि बाजूला बाकीच्यांचे नातेवाईक ओरडत असतात, त्यामुळे हळू बोलायच्या गोष्टी बोलता येत नाहीत. तिसऱ्या वेळी मात्र त्याने विचारलंच.

"छोटी, खरं सांग. मला झालं ते बरोबर झालं ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

त्याने मान हलवली. "मलाही तसंच वाटतं. मी रोज त्यावरच विचार करतो. फक्त..." शेजारची बाई मोठ्याने रडायला लागली. तो थांबला, ती गप्प होईल म्हणून वाट बघितली. ती गप्प झाली नाही. मग वेळ संपली.

त्या वर्षी अध्यक्ष दुसऱ्या एका वित्त कंपनीचे सल्लागार झाले. नव्या कायद्याचा मसुदा झाला होता म्हणे, बेपर्वा बँकरला शिक्षा करणारा. मास्तरीणबाईंनी त्यावर पेपरात पत्र लिहिलं, ते छापूनही आलं. मसुदा कुठल्याशा समितीकडे गेला. मास्तरीणबाई हिवाळ्यात वारल्या. त्यांचे शेवटचे बायफोकल तयार होऊन माझ्याकडेच पडून राहिले. नवरा आता दुसऱ्याच्या दुकानात पगारावर काचा बसवतो. जिन्याखाली मी एकटी असते.

दादा मंगळवारी सुटला. वहिनीला ताप होता, म्हणून आणायला मी गेले. तो दारातून बाहेर आला तेव्हा शर्ट खांद्यावर लोंबत होता. मी म्हटलं, "चल." तो म्हणाला, "दुकान बंद ठेवलंस?" मी म्हटलं, "अर्धा दिवस."

बसला गर्दी होती. मला पुढे जागा मिळाली, त्याला मागे, तीन ओळी सोडून. दोन थांब्यांनंतर माझ्या शेजारचा माणूस उतरला. जागा रिकामी झाली. मी वळून बघितलं. दादानेही बघितलेलं होतं. तो उठला नाही, आणि मीही त्याला हाक मारली नाही. पुढच्या थांब्यावर एक बाई पिशव्या घेऊन चढली आणि माझ्याजवळ बसली.